बाईसाहेबांचा उपास

४ फेब्रुवारी

ही डायरी गेल्या वर्षीची. औषधाच्या दुकानात उरलेली होती, मागून घेतली. वार सगळे चुकीचे, ते खोडले. तारीख खरी धरावी. कोरा कागद टाकून देणाऱ्याला देव क्षमा करत असेल, मी करत नाही.

नियम: इथे फक्त प्रगती लिहायची. घरखर्च वेगळ्या वहीत. डायरीच्या मागच्या बाजूने रोज देवाचं नाव लिहायचं, म्हणून या डायरीत एकही घाणेरडा शब्द येणार नाही.

सून सकाळच्या बसने माहेरी गेली. तिच्या वडिलांचा पाय मोडलाय. मुलगा बाहेरगावी नोकरीला. म्हणजे घरात आता मी, हे आणि गाय. गाय सुनेची. लग्न करून आली तीच गायीला घेऊन. सुनेची आई गेली त्याच आठवड्यात हे वासरू जन्मलं म्हणे, आणि हिने त्याला बाटलीने पाजून वाढवलं. तिला 'बाईसाहेब' म्हणते. मला नुसतं 'आई'.

फाटकातून निघताना तेच तेच सांगत राहिली की आई, तिचा चारा बदलू नका. बाकी काही नाही केलंत तरी चालेल, पण ती मागून काय टाकते त्यावर लक्ष ठेवा, ते थांबलं की लगेच डॉक्टरीणबाईंना फोन करा. (तिने सरळ तो शब्द वापरला. मी वापरणार नाही. यापुढे 'ते'.)

मी म्हटलं, जा तू निर्धास्त. मॅट्रिकला आरोग्यशास्त्रात मी वर्गात पहिली होते.

'त्या'वर लक्ष ठेवा! लक्ष ठेवायचं ते देवावर ठेवावं माणसाने.

५ फेब्रुवारी

पहिल्यांदाच गोठा झाडला. आजवर ते सूनच करायची, मी खिडकीतून सूचना देत असे. आज नाकाला रुमाल, रुमालावर निलगिरी, त्यावर आणखी एक रुमाल. तरी आलाच वास.

शी. शी. शी.

पाट्या भरून 'ते' उचललं. गरम होतं. वाफ येत होती. थंड तरी असावं की नाही? फरशी धुऊन पाठ वळवते तोच मागे पचकन आवाज. वळून पाहिलं तर बाईसाहेब माझ्याकडे बघत उभ्या. मुद्दाम केलं. मग शेपूट फिरवलं ते माझ्या गालावर. ओलं.

दोनदा आंघोळ केली. जेवण गेलं नाही. हे मात्र दोनदा वाढून घेऊन जेवले आणि म्हणाले की तुझ्या वाटचंही संपवलं, वाया जायला नको. माझंच तत्त्व मला ऐकवतात.

संकल्प: सून यायच्या आत या घाणीवर कायमचा इलाज.

६ फेब्रुवारी, दुपारी

सापडला! पोळ्या लाटताना सुचलं. देव असाच हातात काहीतरी असताना सुचवतो.

आत जातं तेच बाहेर येतं. गवत म्हणजे सगळा चोथा. भारंभार आत, भारंभार बाहेर. याउलट पाव. मऊ, स्वच्छ, सगळाच्या सगळा अंगी लागणारा. बेकरीवाला शिळे पाव पोतं भरून जवळजवळ फुकटात देतो. शिवाय घरात जुन्या मक्याचा भरडा पडून आहे, त्याला पोरकिडे लागायच्या आत संपवायलाच हवा. म्हणजे गवत बंद, पाव आणि भरडा चालू. घाण कमी, काटकसर जास्त.

यांना सांगितलं. हे शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले की सुनेने चारा बदलू नको म्हटलं होतं ना. मी म्हटलं, बदलत नाहीये, सुधारतेय. त्यावर यांनी विचारलं की उभा शब्द, पाच अक्षरी, 'स्वतःच्या मताचा अतिरेकी अभिमान'. मी पिशवी घेऊन बेकरीकडे निघाले.

८ फेब्रुवारी

पाव बाईसाहेबांना फार आवडले. घमेलं चाटून घासल्यासारखं लख्ख केलं. गवताला कधी एवढा मान दिला होता? बिचारीला आजवर कोणी नीट खाऊच घातलं नव्हतं.

'ते' निम्म्यावर! फरशी एकदाच धुतली. जेवणही गेलं.

प्रार्थना मंडळाच्या अध्यक्षीणबाई भेटल्या. सहज सांगितलं. त्या म्हणाल्या की चौदा तारखेच्या बैठकीत तुम्हीच बोला. विषय मीच दिला: 'स्वच्छ गोठा, स्वच्छ मन'. बैठक आमच्याकडेच ठेवायची, म्हणजे प्रात्यक्षिकही होईल.

९ फेब्रुवारी

किंचित अडचण. आज 'ते' पातळ आलं आणि आंबट वास. पिठाचं भांडं झाकायचं राहून गेल्यावर येतो तसा. भिंतीपर्यंत उडालं होतं. भिंत घासताना मलाच उलटी झाली, तीही घासावी लागली.

विचार केला. हे जुन्या गवताचं शुद्धीकरण असणार. शरीर आतून धुऊन निघतंय. भाषणात घेणे.

११ फेब्रुवारी

शुद्धीकरण संपलं. आज 'ते' जेमतेम ओंजळभर. (अंदाजे. ओंजळीत घेतलेलं नाही.)

सुनेचा फोन. वडिलांचं पहिल्या दोन वाक्यांत, मग सगळं गायीचं. खाते का, रवंथ करते का, आणि अर्थातच 'ते'. मी म्हटलं, उत्तम, कधी नव्हे इतकं उत्तम. तिने विचारलं की रंग कसा. फोनवर! मी जेवायला बसले होते! म्हटलं, तुझ्या वडिलांकडे लक्ष दे, इकडचं टेन्शन घेऊ नकोस.

यात खोटं काहीही नाही.

१२ फेब्रुवारी

'ते' नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही.

गोठा कोरडा ठणठणीत. उदबत्ती लावली. खरं सांगायचं तर जरा वेळ तिथेच उभी राहून नुसती बघत होते. आपल्या देवाच्या खोलीतही एवढी प्रसन्नता नसते, कारण तिथे हे चपला घालून येतात.

दुसरी गोष्ट. बाईसाहेबांनी आज पावाला तोंड लावलं नाही. मक्याला नाही. पाण्यालाही नाही, नुसतं नाक बुडवलं आणि उचललं. आणि आज माझा उपासाचा दिवस! मी काही बोलले नव्हते तिच्याशी. तिला कसं कळलं?

यांना सांगितलं की गायीने उपास धरलाय. हे म्हणाले की मग तिच्या वाटचा एक पाव मला दे, चहाबरोबर.

दूध निम्मं आलं. उपासाला शरीर थोडं थकणारच.

१३ फेब्रुवारी, सकाळी

हे लिहून ठेवलंच पाहिजे. अशा गोष्टी पुढच्या पिढीला कळायला हव्यात.

पूजा आटोपून गोठ्याकडे गेले तर बाईसाहेब देवाच्या खोलीच्या खिडकीकडे तोंड करून पुढचे दोन्ही गुडघे टेकून! मागचे पाय तसेच उभे, मान खाली. क्षणभराने उठली. परत गुडघे टेकले. परत उठली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. डोळ्यांत पाणी.

जवळ जाऊन ऐकलं. दातावर दात घासत होती. कर्र, कर्र, कर्र, एका लयीत. ओठ मिटलेले. मोठ्याने जप करायचा नाही हा नियम आमच्या मंडळातल्या बायकांना वर्षानुवर्षे सांगून कळत नाही.

मधूनमधून मान वळवून स्वतःच्या उजव्या कुशीकडे बघते. पश्चात्ताप. मागचं आठवत असेल.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी

शेजारीण आली होती. हिला सगळी गल्ली रेडिओ म्हणते, कारण बंद करायचं बटण नाही. ती म्हणाली की काकू, गायीचं पोट एका बाजूने फुगलंय हो, उजवीकडे बघा. मी म्हटलं, तब्येत सुधारली. ती म्हणाली, एकाच बाजूची? मी म्हटलं, दुसरी बाजूही सुधारेल. ती म्हणाली की मागच्या पायाने पोटावर लाथा का मारून घेतेय? मी तिला आत्मक्लेश समजावून सांगितला. ती बघतच राहिली. ज्ञान नसलं की असं होतं.

उद्या प्रार्थना मंडळ येतंय. भाषण बदललं. नुसत्या स्वच्छतेचं काय घेऊन बसायचं? नवीन विषय: 'मुक्या जीवाची भक्ती'. सतरंज्या गोठ्यासमोरच टाकायच्या. सगळ्यांना कळू दे की कोणाच्या सहवासाने हे घडलं. मी स्वतः सांगणार नाही. विचारलं तर सांगेन.

सुनेला मात्र आत्ताच नको. येईल तेव्हा प्रत्यक्ष बघेल. तोपर्यंत गाय माझीच झालेली असेल म्हणा.

१४ फेब्रुवारी, दुपारी

घाईत लिहितेय. डॉक्टरीण पाणी उकळायला सांगून बाहेर सामान मांडतेय.

झालं असं. मंडळ जमलं. अध्यक्षीणबाई पहिल्या सतरंजीवर, रेडिओ सगळ्यांच्या पुढे. मी भाषण सुरू केलं. बाईसाहेबांनी अगदी वेळेवर गुडघे टेकले. बायकांमधून 'अगंबाई' असा आवाज झाला. दोघींनी हात जोडले. मी म्हटलं, ऐका, जप ऐका. सगळ्यांनी कान पुढे केले. कर्र, कर्र. अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसले. माझ्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण होता आणि तो टिकलाही असता.

पण बाईसाहेब गुडघ्यांवरून उठल्याच नाहीत. कुशीवर पडल्या. पाय झाडले. आणि असा आवाज काढला की तो मी कुठल्याही प्रार्थनेत ऐकलेला नाही. मागून काळपट, चिकट, शेंबडासारखं, रक्ताची रेघ असलेलं काहीतरी. अध्यक्षीणबाईंच्या सतरंजीपासून हातभर.

शी.

मागच्या रांगेतली एक, जी वर्षभर कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली की अहो, ही भक्ती नाही, ही कळ आहे. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मी अशीच दात खात होते.

रेडिओने तोवर डॉक्टरणीला फोन लावून माझ्या कानाला धरलाही. डॉक्टरीण विचारत होती की शेवटचं कधी टाकलं. मी म्हटलं, 'ते' ना? ती म्हणाली, 'ते' म्हणजे काय, नीट बोला बाई. मी म्हटलं, मागून येतं ते. परवापासून नाही. ती म्हणाली की परवापासून? आणि तुम्ही आत्ता फोन करताय? मी सांगणार होते की फोन मी केलेलाच नाही, पण तिने ठेवला.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी

तीनदा आंघोळ केली. तरी हाताला वास आहे. नोंद क्रमाने करते, म्हणजे मन ठिकाणावर राहील.

डॉक्टरीण लहानखुरी, सुनेच्या वयाची, शिट्टी वाजवत आली. सगळ्यांना हाताशी घेऊन गायीला उभं केलं आणि खांद्यापर्यंत लांब प्लास्टिकचा मोजा चढवला. एवढं प्लास्टिक एका वेळेसाठी! मी विचारलं की अर्ध्या बाहीचा नाही का चालणार, स्वस्त पडेल. ती म्हणाली की चालेल की, तुम्ही आतड्याला तेवढं बाहेर बोलवा.

मग तिने हात घातला. कुठे ते लिहिणार नाही. खांद्यापर्यंत! गाल गायीच्या मांडीला टेकलेला, डोळे मिटलेले, आणि आत हात फिरवत माझ्याशी गप्पा. खायला काय घालत होता? मी म्हटलं, उत्तम प्रतीचं. ती म्हणाली, म्हणजे? हे दारातून म्हणाले, पाव. यांना एरवी तोंड उघडायला सांगावं लागतं. पाव आणि मक्याचा भरडा, गवत बंद, असं सगळंच सांगून मोकळे. डॉक्टरणीची शिट्टी थांबली.

हात बाहेर आला. मी बघितलं नाही. बघितलं. शी.

मग तिने गायीच्या उजव्या कुशीला नळी लावून बोटाने टिचकी मारली. मला म्हणाली, ऐका. कानात घालायच्या आधी नळीची टोकं पदराने पुसली, तर ती म्हणाली की ही टोकं माझ्या कानात होती, तिकडे नव्हती. ऐकलं. टण्ण. फडताळातल्या रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसं. डावीकडे तसं नाही.

ओट्यावरचं ओलं फडकं घेऊन तिने दाखवलं. आतड्याला एका बाजूला पिशवी असते, एका टोकाला बंद. पाव, भरडा असलं पटकन आंबणारं खूप झालं की ते तिथे जाऊन आंबतं, वारा धरतो, पिशवी फुगते, ढिली पडते, आणि मग स्वतःभोवती अशी वळते. तिने फडकं पिळलं. पुढचं पुढे जात नाही, मागचं मागे, रक्तही थांबतं. औषधाने हा पीळ सुटत नाही. कुशीला चिरा देऊन हाताने सोडवावा लागतो. आजच, नाहीतर उद्या गाय नसेल.

फडक्यातून पाणी गळत होतं. नवीन फडकं होतं.

मी विचारलं की एक दिवस वाट बघून, प्रार्थना करून... ती म्हणाली, प्रार्थना करा की, पण उकळत्या पाण्याशेजारी उभं राहून करा.

सुनेला फोन यांनी केला. मी बाथरूममध्ये होते. मुद्दाम नाही.

मदतीला माणूस हवं होतं. डॉक्टरणीने सगळ्यांचे हात तपासले. यांच्या नखात शाई. रेडिओच्या हातात बांगड्या कोपरापर्यंत, निघेनात. मंडळातल्या बायका सतरंज्या घडी करून कधीच पसार. माझी नखं कापलेली, हात घासून घासून पांढरे. ती म्हणाली की एवढे स्वच्छ हात मी दवाखान्यातही बघितले नाहीत, या तुम्हीच.

आयुष्यभराच्या स्वच्छतेचं हे फळ.

गाय उभीच. केस भादरले, सुया टोचून कूस बधिर केली. मग चिरा. मी डोळे मिटून देवाचं नाव. ती म्हणाली, डोळे उघडा, हात पुढे करा. आणि तिने ती पिशवी बाहेर ओढून माझ्या हातात दिली. मोठ्या उशीएवढी. जांभळी. गरम. बुळबुळीत. जिवंत. मी सांगते, तिला नाडी होती! मला म्हणाली, बादलीवर अशी धरा, सोडलीत तर सगळं पोटात सांडेल आणि संपली गाय. आणि पिशवीला छोटासा छेद दिला.

आतून जे आलं ते मी ओळखलं. पाव. माझाच पाव. आंबून, फेसाळून, माझ्या मनगटांवरून कोपरापर्यंत.

उलटी आली. मी म्हटलं, डॉक्टर, येतेय. तिने वर न बघता सांगितलं की डावीकडे. हात हलवू नका. डावीकडे हे उभे होते. असो.

पण हात हलवले नाहीत. हे लिहून ठेवते. यांच्या चपलांची काय ती अवस्था झाली, पण हात हलवले नाहीत.

पिशवी धुतली, शिवली, तिने आत हात घालून पीळ उलगडला. जांभळा रंग हळूहळू गुलाबी झाला. पोट शिवलं. थोडक्यात, शस्त्रक्रिया आम्ही दोघींनी यशस्वी केली.

निघताना मी डॉक्टरणीला म्हटलं की आता काळजी नाही ना. ती म्हणाली की काळजी आता सुरू. पीळ सोडवला, पण आतडं जागं झालं की नाही ते एकाच गोष्टीने कळणार. तिने तो शब्द उच्चारला. ते पडलं तर जगली. उद्या संध्याकाळपर्यंत नाही पडलं तर मला फोन करा. या वेळी स्वतः करा.

१५ फेब्रुवारी, सकाळी

सून पहाटेच्या बसने आली. रेडिओने थांब्यावरच गाठून सगळं सांगितलं होतं, गुडघ्यांसकट. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही. माझी बाजू मांडायची होती. मुद्दे काढून ठेवले होते: पावाला एवढा सुगंध असतो हा बेकरीवाल्याचा दोष; डॉक्टरीण आधी कधी चौकशीला आली नाही हा तिचा; शिवाय गायीनेही खायला नकार द्यायला हवा होता.

ती ओरडेल म्हणून तयारीत होते. ओरडली नाही. पिशवी दारात टाकून सरळ गोठ्यात गेली, गायीच्या गळ्यात हात घालून उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता विचारलं की आई, पडलं का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, बरं.

त्या 'बरं'पेक्षा ओरडली असती तर बरं होतं.

१५ फेब्रुवारी, दुपारी

नाही.

सून गोठ्यातच स्टुलावर. मी चहा नेला. घेतला, प्यायली नाही. मी दुसरं स्टूल नेलं. निलगिरीचा रुमाल आत विसरला, परत आणायला गेले नाही.

दोघी गायीच्या शेपटीकडे बघत बसलो. मग सूनच म्हणाली की माहेरी आईच्या हाताचं काही उरलं नाही, भांडी वहिनीने घेतली, कपडे वाटले. ही तेवढी राहिली. आजारपणात आईने शेवटचं काही सांगितलं असेल तर ते एवढंच, की गाय विणार आहे, वासराकडे लक्ष ठेव.

मी म्हटलं, ठेवलंस की.

ती म्हणाली, मी ठेवलं, आई.

मी तिचा गार झालेला चहा पुन्हा गरम करून आणला.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी

नाही. डॉक्टरणीला मी स्वतः फोन केला. सलाईन लावून गेली. नळी लावून पोट ऐकलं. म्हणाली की आत थोडी कुरकुर आहे, सकाळपर्यंत बघू. आज तिने शिट्टी वाजवली नाही.

देवाच्या खोलीत बसले. एवढी वर्षं काय मागितलं देवाकडे? आरोग्य, सुख, यांना सद्बुद्धी. आज काय मागायचं ते माहीत होतं, पण तोंडातून निघेना. देवासमोर तो शब्द कसा उच्चारायचा? म्हटलं, देवा, ते दे. मग वाटलं, 'ते' म्हणजे काय ते त्याला तरी कसं कळणार. डॉक्टरणीलाही कळलं नव्हतं. आणि चुकीचं काही दिलं म्हणजे?

उठून गोठ्यात गेले. सून भिंतीला टेकून डुलकी घेत होती. गायीच्या मागे उभी राहिले, हात जोडले आणि मोठ्याने, स्पष्ट शब्दांत मागितलं. मॅट्रिकच्या तोंडी परीक्षेत बोलले होते तसं.

सून जागी होती. हसली की रडली ते अंधारात दिसलं नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी

शेण!

शेण. शेण. शेण. पातळच, थोडंसंच, काळपट, पण शेण. मी वाकून बघत होते तेवढ्यात. अर्धं फरशीवर, अर्धं माझ्या उजव्या पायावर. गरम होतं. देवाचे आभार, गरम होतं.

मी ओरडले. सून धावत आली. हे चपला न घालता धावत आले (चपला वाळत आहेत). रेडिओ कुंपणावरून. सुनेने माझ्या पायाकडे बघितलं आणि मला मिठीच मारली. पायासकट.

डॉक्टरणीला फोन केला. तिने विचारलं की काय हो, आलं का 'ते'? मी म्हटलं, 'ते' काय, शेण म्हणा. नीट बोला.

आंघोळ दुपारी केली.

१८ फेब्रुवारी

बाईसाहेब गवत खातात. रवंथ सुरू. टाके कोरडे. माझ्या प्रार्थनेचा गुण अखेर सर्वांनी मान्य केला. डॉक्टरीण सोडून.

सुनेला वडिलांकडे परत जायचंय. जायच्या आधी तिने कामांची नवीन वाटणी सांगितली. स्वयंपाक रेडिओ करून पाठवेल, देवाची खोली हे झाडतील. मला गोठा. रोज, प्रत्येक वेळी, रंग कसा, घट्ट की पातळ, वास कसा, हे फोनवर सांगायचं. मी म्हटलं, अगं पण मी? ती म्हणाली की आई, तुमच्याशिवाय तिला जमत नाही. तुम्ही मागे उभ्या राहिलात की लगेच टाकते. दुसऱ्या कोणासाठी नाही. आणि सून परत आल्यावरही हे असंच चालू ठेवू या म्हणे. कायमचं.

हे खरं आहे. मी करून बघितलं. मागे जाऊन उभी राहिले की पचकन.

शेवटी या घरात माझी किंमत कळली. हे म्हणाले की शिक्षा आहे ती, वेडे. यांना मान-अपमानातला फरक कधी कळलाच नाही.

प्रार्थना मंडळाचा निरोप: पुढची बैठक अध्यक्षीणबाईंकडे. भाषण नको, नुसती प्रार्थना. माझ्याशिवायही चालेल.

चालेल. मलाही वेळ नाहीच.

२१ फेब्रुवारी

सकाळी: शेण. हिरवट, मऊ, वास नेहमीचा. सुनेला कळवलं.

दुपारी: शेण. सकाळसारखंच, जरा जास्त. आम्ही दोघे जेवत होतो. यांनी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायला सुरुवात केली आहे.

संध्याकाळी: शेण. उत्तम. डावा पाय धुतला.

देवाचं नाव लिहायचं राहिलं. मागची पानंही शेणाच्या नोंदींनीच भरत आली. उद्या.